कॉम्प्युटरकडची मंडळी

कुणीतरी भांजी मारत होतं, त्याशिवाय लागोपाठ तीन कॉम्प्युटरांनी घोणशांचं घर बघून नकार कळवला नसता.

तिन्ही नकारांची भाषा एकच होती. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण योग दिसत नाही. उल्का घोणसे फिजिक्सची एम.एस्सी. होती आणि तिचा योगावर विश्वास नव्हता. एका घरात तीन वेळा तेच घडत असेल तर त्याला कारण असतं आणि कारणाला नाव-गाव असतं, असं तिचं म्हणणं होतं. ते नाव ती शोधत होती.

दुकानात जाऊन कॉम्प्युटर उचलून आणायची पद्धत बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता आधी मध्यस्थाकडे नाव द्यायचं, आपली ऐपत सांगायची, कशासाठी हवा ते सांगायचं. मग कॉम्प्युटर आपल्या माणसांना घेऊन घर बघायला यायचा. प्लगपॉइंट कुठे आहे, ऊन कुठून येतं, घरात कोण काय बघतं याची चौकशी करायचा आणि पसंत पडलं तर राहायचा. पसंतीचा हक्क त्याचा. उल्काला तत्त्व म्हणून ही पद्धत मान्य होती. ज्याला जन्मभर राबायचं त्याने आधी जागा बघावी, यात गैर काय, असं ती कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बोललीही होती. अडचण एवढीच होती की तिला कॉम्प्युटर लवकर हवा होता.

बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. तालुक्यापासून आत, डोंगराकडे असलेल्या वाळुंजवाडीच्या ज्युनिअर कॉलेजात दिवाळीपासून फिजिक्सला शिक्षक नव्हता. तिथल्या मुली संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे बसायच्या आणि उल्का इकडे आपल्या खोलीत फळ्यापुढे उभी राहून व्हिडिओवर लाइव्ह शिकवायची. फी नव्हती. सगळं चालायचं तिच्या मोबाईलवर, आणि मोबाईल आता थकला होता. थोड्या वेळात तापायचा, चित्र थांबायचं, आणि हात हवेत, तोंड उघडं अशा अवस्थेतली उल्का मुलींना बराच वेळ बघत बसावी लागायची. गेल्या आठवड्यात हॉल निम्मा रिकामा होता. काही मुली जगदाळे सरांच्या क्लासची फी विचारायला गेल्या होत्या. ज्यांना ती परवडणार नव्हती त्यांच्या घरी लग्नाचं बोलणं निघालं होतं. कोमल शेळवणे ही वर्गातली सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी. तिच्याकडे तर माणसं येऊन बघून गेली होती. ‘पास झालीस तर पुढचं बघू,’ असं तिचे वडील म्हणाले होते. नापास झाली तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

उल्काला काही राजेशाही स्थळ नको होतं. अण्णांना दुपारी जुनी नाटकं बघता यावीत, आईला मावशीशी समोरासमोर बोलता यावं आणि संध्याकाळी क्लास अडखळू नये, बस. रॅम बेताची पण पुरेशी, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी हरकत नाही. “नाकासमोर बघून चालणारा असावा,” असं तिने मध्यस्थ मिरजकरांना सांगितलं होतं.

पहिला आला तो उंच, काचेच्या अंगाचा, आतून निळे-जांभळे दिवे लागणारा. त्याने एसीची जागा विचारली. जागा होती, एसी नव्हता. त्याचा नकार समजण्यासारखा होता. दुसरा लॅपटॉप, अंगाने इतका बारीक की बोलताना त्याचा आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. तोही गेला. पण तिसरा साधा होता, मनमोकळा होता, अण्णांच्या विनोदाला हसला होता आणि जाताना पंख्याची स्तुती करून गेला होता. त्याचाही निरोप दुसऱ्या दिवशी आला, योग दिसत नाही.

या तिन्ही वेळा पाहुण्यांपुढे ट्रे उल्कानेच नेला होता. ट्रेमध्ये धुतलेलं मऊ सुती फडकं ठेवायची रीत होती. तिच्या लग्नाचं बघत होते तेव्हा तिने पोह्यांचा ट्रे हातात घ्यायला साफ नकार दिला होता आणि त्यावरून घरात महिनाभर अबोला होता. आईने ही गोष्ट बोलून दाखवली नाही. फक्त ट्रे देताना दरवेळी जरा जास्तच शांत राहिली.

अण्णांचा संशय शेजारच्या शहाणे काकूंवर होता. “त्यांचा कॉम्प्युटर सारखा खिडकीत असतो,” ते म्हणाले. “आपल्याकडे कोण येतं-जातं सगळं बघतो.”

“खिडकीत तो वाऱ्याला बसतो,” आई म्हणाली. “उगाच कुणाचं नाव घेऊ नका.”

उल्काचा संशय जगदाळे सरांवर होता. तिचा क्लास बंद पडला तर फायदा त्यांचाच होता. ती सरळ त्यांच्या क्लासवर गेली आणि दारातच म्हणाली, “सर, खरं सांगा. आमच्याकडे येणाऱ्या कॉम्प्युटरांना तुम्ही काय सांगता?”

जगदाळे सरांनी तिला आत घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. “हळू बोल. माझ्याकडे सहा आहेत आणि सहाही माझ्याशी बोलत नाहीत. एसीची हवा पोरांकडे जास्त जाते म्हणून. घरातल्यांशी बोलायची सोय नाही, बाहेरच्यांशी मी कुठे बोलायला जाऊ?”

“तुमचा फायदा आहे, म्हणून विचारलं.”

“आहेच की. मी कुठे नाही म्हणतोय?” सर म्हणाले. “पण माझी विद्यार्थिनी होतीस म्हणून एक सांगतो. बाहेरून मारलेली भांजी एखादं स्थळ मोडते. तीन मोडायला घरातलंच माणूस लागतं.”

तिथून ती मिरजकरांकडे गेली. मिरजकर पूर्वी कॉम्प्युटर विकायचे. आता त्याच दुकानात दोन बाजूंना दोन बाकं टाकून ते मध्यस्थी करत. एका बाकावर माणसं बसत, दुसऱ्यावर कॉम्प्युटर.

“नकाराचं कारण सांगायचा नियम नाही,” मिरजकर म्हणाले.

“नियम कुणी केला?”

“आम्ही मध्यस्थांनीच केलाय.”

“मग तुम्हीच मोडा. माझ्याकडे मुली थांबल्यात, काका. त्यांना योगबिग सांगू का मी?”

मिरजकरांनी समोरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे एक म्हातारा प्रिंटर डुलकी काढत होता. “तुमच्याकडे राऊटर किती वर्षांपासून आहे?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“पाच-सहा वर्षं झाली.”

“तिसऱ्याने त्यालाच विचारलं. ही मंडळी माणसांना प्रश्न विचारतात ती आपली एक रीत. खरी चौकशी ते घरातल्या वस्तूंकडे करतात. तुमचा राऊटर म्हणाला, मी आज दुपारीच आलोय, दिवेलागणीला परत जायचंय. दुसऱ्याला स्टॅबिलायझरने हेच सांगितलं. पहिल्याला खुर्चीने.”

“कुठल्या खुर्चीने?”

“चाकाच्या. म्हणजे बघा, तीही तुमची नाही.” मिरजकरांनी उसासा टाकला. “ज्या घरात वस्तूच एका दिवसाच्या, तिथली माणसं किती दिवसांची, असं तिसरा म्हणाला.”

उल्का घरी आली तेव्हा आई गवार मोडत होती आणि अण्णा पेपर वाचत होते. तिने राऊटर, स्टॅबिलायझर आणि खुर्ची ही तीन नावं घेतली. आईने गवार मोडणं थांबवलं नाही.

“शहाणे काकूंकडून आणलं होतं,” आई म्हणाली. “तू बाहेर गेलीस की आणायचं, पाहुणे गेले की परत. तुझं लक्ष पाहुण्यांकडे असायचं. बिचारीने एका शब्दाने कुणाला सांगितलं नाही. आणि हे तिच्यावरच संशय घेत होते.”

“पण कशाला, आई? आपल्याकडे राऊटर आहे.”

“त्याचा एक कान मोडलाय. बघायला माणसं येणार म्हटल्यावर घर आहे तसं दाखवतं का कुणी? मला बघायला आले होते तेव्हा आमच्या बैठकीत पेटी ठेवली होती. शेजारच्या देवधरांची. मुलगी पेटी वाजवते म्हणून सांगितलं होतं.”

अण्णांनी पेपर खाली घेतला. “ती पेटी तुमची नव्हती?”

“नव्हती.”

“लग्नानंतर मी दोनदा विचारलं होतं, पेटी कधी आणायची म्हणून.”

“दुरुस्तीला दिलीय म्हणाले होते ना मी.”

“मी अजून तेच धरून चाललो होतो,” अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ बायकोकडे बघत राहिले. घरातल्या आणखी कुठल्या गोष्टी दुरुस्तीला गेल्या आहेत, याचा ते विचार करत असावेत.

“पेटीने तोंड उघडलं नाही म्हणून माझा संसार झाला,” आई उल्काला म्हणाली. “हल्लीच्या वस्तूंना कळत नाही, कुठे गप्प बसावं ते.”

उल्काने त्या दिवशी जाहीर केलं की यापुढे या घरात मागून आणलेली वस्तू पाहुण्यांपुढे दिसणार नाही. दिसली तर ती स्वतः पाहुण्यांना सांगेल. आई म्हणाली, मग झालंच तुझं काम. अण्णांचं लक्ष नव्हतं. ते अजून पेटीतच होते.

चौथं स्थळ दुसरेपणाचं होतं. एका पतसंस्थेच्या ऑफिसात काही वर्षं राहिलेला, पाटाएवढा चपटा कॉम्प्युटर. रॅम नंतर वाढवलेली, एसएसडी नवीन, तब्येत ठणठणीत, मिरजकर म्हणाले. घरच्या वापराला आणि व्हिडिओला एवढं भरपूर झालं. ऐपतीतही बसत होता. रविवारी सकाळी मंडळी टेम्पोने येणार होती. सोमवारी संध्याकाळी क्लास होता आणि उल्काच्या मोबाईलने शनिवारीच मान टाकली होती.

“पहिल्या घरातून का निघाला, ते विचारून घे,” अण्णा म्हणाले. “ऑफिसवाले चांगली वस्तू सोडत नाहीत.”

“तो आपल्याला तेच विचारणार आहे,” उल्का म्हणाली.

मंडळी आली ती तिघं. कॉम्प्युटर, त्याचा धाकटा भाऊ मॉनिटर, आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणून एक जाडजूड, काळा यूपीएस. त्याला सगळे आत्याबाई म्हणत होते, म्हणून घोणशांनीही आत्याबाईच म्हटलं. मिरजकरांनी ओळखी करून दिल्या. उल्काने ट्रे ठेवला. फडकं घरचंच होतं, एका कोपऱ्यात विरलेलं.

“लाईट जाते का?” आत्याबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला.

आईने तोंड उघडलं, पण उल्का आधी बोलली. “जाते. गुरुवारी हमखास. उन्हाळ्यात रोज.”

“व्होल्टेज?”

“संध्याकाळी उतरतं. पंख्याचा आवाज बदलला की समजायचं.”

आत्याबाईंनी हिरवा दिवा एकदा मिचकावला. आईने पदराने कपाळ टिपलं.

“माझ्या तोंडावर ऊन येतंय,” मॉनिटर म्हणाला. “इथे पडदा नाही का?”

“नाही. लावायला हवा.”

“इंटरनेट?” कॉम्प्युटरने आता पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याचा आवाज बारीक आणि कोरडा होता. “बघायला पुरतं की पाठवायला पुरतं? तुम्ही इथून चित्र पाठवणार. तिथे वेग निम्माही मिळत नाही.”

“बघायला पुरतं. पाठवायला जेमतेम. राऊटर पलीकडच्या खोलीत आहे, त्याचा एक कान मोडलाय. हवेतून नको, वायर ओढून घ्यावी लागेल.”

पलीकडच्या खोलीत राऊटरची खुडबुड ऐकू आली. त्याला बहुधा काहीतरी विचारलं गेलं असावं आणि त्याने उत्तर दिलं असावं.

“तो खरं बोलतोय,” कॉम्प्युटर म्हणाला. “तुम्हीही खरं बोलताय. मला यातच गोम वाटते. एवढं खरं कशासाठी सांगताय?”

“अहो, खोटं सांगितलं तर नकार, खरं सांगितलं तर संशय,” अण्णांचा संयम सुटला. “मग मीही विचारतो. तुम्ही पहिल्या घरातून का निघालात?”

“तो विषय काढायचा नाही असं ठरलं होतं,” आत्याबाई मिरजकरांना म्हणाल्या.

मिरजकर घाईघाईने उठले. “मला वाटतं, या दोघांना जरा एकट्याने बोलू द्यावं.”

रीतीप्रमाणे त्यांना गॅलरीत पाठवण्यात आलं. उल्काने कॉम्प्युटर उचलून नेला, एक्स्टेन्शनची वायर दारातून ओढून घेतली आणि त्याला कुंड्यांच्या शेजारी, सावलीत ठेवलं. खाली टेम्पोवाला चहा पीत होता.

“फी घेत नाही असं ऐकलं,” कॉम्प्युटर म्हणाला.

“नाही घेत.”

“मग तुम्हाला काय मिळतं?”

“काही नाही.”

“आमच्या पतसंस्थेचे चेअरमनही हेच म्हणायचे.”

उल्काने कपाळाला हात लावला. वक्तृत्व स्पर्धेतलं एकही वाक्य इथे चालणार नव्हतं. “बरं, मिळतं,” ती म्हणाली. “तिकडे एखादीला कळलं की तिचा चेहरा बदलतो. तो मला बघायचा असतो. शिकवताना मी मला स्वतःला बरी वाटते, एरवी मी चिडकी आहे. आणि मला रागही आहे. सरकारने शिक्षक दिला नाही म्हणून त्या पोरींची लग्नं लागावीत, हे मला चालत नाही. झालं समाधान? आता तुमचं सांगा.”

“तपासणीला माणसं आली होती,” कॉम्प्युटर म्हणाला. “त्यांनी मला विचारलं. मी होतं ते सांगितलं.”

“मग?”

“मग मी फार जुना झालोय असं त्याच आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात आलं. भंगारात निघालो होतो. मिरजकर मध्ये पडले.”

“म्हणजे खरं सांगून तुमचं घर गेलं, आणि तरी तुम्ही खरं सांगणाऱ्यावर संशय घेता?”

“तेव्हापासूनच घेतो,” कॉम्प्युटर म्हणाला. “सांगणाऱ्याला घालवून देतात हे मी बघितलंय. उद्या या घरात मला कुणी काही विचारलं, तर?”

“तर जे असेल ते सांगा.”

“तुमच्याबद्दल असलं तरी?”

“माझ्याबद्दल असलं तरी. आत्ता सांगा काय सांगायचं ते. मला घाई आहे.”

खाली टेम्पोवाल्याने कप ठेवला आणि वर पाहिलं. गॅलरीत एक मुलगी आणि एक कॉम्प्युटर बोलत आहेत हे दिसल्यावर त्याने शिष्टाचार म्हणून नजर दुसरीकडे वळवली.

“क्लास किती वाजता?” कॉम्प्युटरने विचारलं.

“साडेसहा.”

“त्या वेळात नाटकं चालणार नाहीत. चित्र अडखळलं तर आधी वायर बघायची, मग मला बोलायचं. आणि आत्या काही दिवस इथे राहील.”

“ती कशाला?”

“पाठराखीण म्हणून. अनोळखी घर आहे.”

आत आल्यावर मिरजकरांनी दोघांची पसंती जाहीर केली. आईने साखर वाटली. अण्णांनी मॉनिटरसाठी आपली जुनी लुंगी खिडकीला पडदा म्हणून लावली आणि ती लुंगी आहे हे आपणहून सांगितलं.

सोमवारी दुपारी वायर ओढून झाली, मॉनिटरच्या कपाळावरचा कॅमेरा फळ्याकडे वळवून झाला. आत्याबाईंनी जमिनीवर बसायला नकार दिला आणि स्टूल मागितलं. ते स्टूल त्यांनी फळ्याला लागून, अशा ठिकाणी ठेवायला लावलं जिथून भाचाही दिसेल आणि उल्काही. दिवसभर त्यांचा हिरवा दिवा उल्काच्या मागे मागे फिरत होता. उल्काने पाणी पिताना मॉनिटरजवळ पेला ठेवला तेव्हा आत्याबाईंनी एकदाच, पण स्पष्ट शिट्टी वाजवली. पेला हलला. पलीकडे जेवणाच्या टेबलाशी अण्णा आईला विचारत होते, “आणि ते भरतकाम? तेही देवधरांचंच होतं का?” आईने आमटी वाढली.

साडेसहाला वाळुंजवाडीचा हॉल पडद्यावर आला. उल्काने आधी रांगा बघितल्या. मागची बाकं रिकामीच होती, पण पुढच्या बाकांवर मागच्या आठवड्यात न आलेल्या तिघी-चौघी दिसत होत्या. त्यांत कोमल शेळवणे होती. हॉलमध्ये आता ऐकू येतंय का, असं तिने विचारलं नाही. विचारलं की ‘नाही’ ऐकायची भीती असते. तिने खडू घेतला आणि भिंगाची आकृती काढायला सुरुवात केली. भिंग काढलं, मुख्य अक्ष काढला, वस्तू उभी केली, वस्तूच्या टोकापासून किरण निघाला. पंख्याचा आवाज एकदा बदलला. आत्याबाईंनी घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि सगळं सुरळीत राहिलं.

उल्काने वळून पडद्याकडे पाहिलं. समोरच्या मुली हलत नव्हत्या. एकीचंही डोकं हललं नाही, पापणी लवली नाही, पेन उचललेलं होतं ते तसंच होतं. हॉलमध्ये भिंतीवरचं कॅलेंडरही वाऱ्याने उडत नव्हतं. तिने वायरकडे पाहिलं. वायर जागेवर होती. मग तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि ठरल्याप्रमाणे आता त्याला बोलायची वेळ आली होती तरी ओठ आवळून खडू धरलेला हात तसाच हवेत ठेवून उभी राहिली. आई दारात येऊन थांबली. अण्णा तिच्या मागे आले.

मग पहिल्या बाकावरच्या कोमल शेळवणेने मान तिरकी केली, फळ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि हात वर केला.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमच्या त्या काळ्या पाठराखणीला जरा डाव्या अंगाला सरकायला सांगा की. किरण भिंगातनं भाईर पडून कुठं जातोय ते दिसंना झालंय.”